गॅरेजच्या दारातून : एस्टीमला बलेनोचं सोळाशे इंजिन

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दिशेने आली आहेत. जुनी एस्टीम दारात उभी आहे, बॉडी ठणठणीत आहे, आणि जुन्या बलेनो सेडानचं १६०० सीसी इंजिन बसवण्याची हौस आहे. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला. शेवटी फियाट आणि अँबॅसिडरवाल्यांनाही जागा काढली आहे.

प्रश्न : माझी एस्टीम व्हीएक्सआय २००३ ची आहे. आमचे मेस्त्री म्हणतात की बलेनोचं इंजिन "जसंच्या तसं" बसतं. हे खरं आहे का? आणि फरक जाणवण्याइतका पडतो का? (सांगली)

बसतं, पण "जसंच्या तसं" नाही. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली आहेत. तुमच्या गाडीतलं जी१३बीबी, म्हणजे ७४ मिमी बोअर, ७५.५ मिमी स्ट्रोक, १२९८ सीसी. बलेनोचं जी१६बी, बोअर ७५, स्ट्रोक ९०, १५९० सीसी. दोन्हींत वर एकच कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्ह. बोअर फक्त १ मिमीने वाढला आहे, वाढीचा सगळा भार स्ट्रोकवर आहे. म्हणून बलेनोचा ब्लॉक बोटभर उंच आहे. बसवताना होणारी निम्मी डोकेदुखी या बोटभर उंचीतून येते.

फरकाबद्दल आकडे बघा. एस्टीमचे ८५ बीएचपी, बलेनोचे ९४. नऊ घोड्यांसाठी एवढा खटाटोप करायचा असेल तर करू नका. खरा फरक टॉर्कचा आहे. ११० न्यूटन मीटरच्या जागी १३० मिळतात, आणि तेही मिनिटाला ४५०० फेऱ्यांऐवजी ३००० च्या आसपास. एस्टीमचं वजन सुमारे ८७५ किलो, बलेनो तिच्यापेक्षा चांगलीच जड. त्यामुळे चार माणसं आणि एसी चालू असताना चढावर गिअर कमी वेळा पाडावा लागतो. शेवटचा वेग मात्र फारसा वाढत नाही. हमरस्त्यावर १४० च्या पुढे पळवायची हौस असेल, तर तुम्ही चुकीच्या गोष्टीवर पैसे घालताय.

आधी एक करा, सध्याच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरात हवा किती दाबतो ते मोजा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, बॅटरी भरलेली आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सुझुकीच्या या इंजिनांना १४ किलो प्रति चौरस सेंमी हा प्रमाण आकडा, १२ ही खालची मर्यादा, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत १ पेक्षा जास्त फरक नको. वीस वर्षं पळालेल्या बऱ्याच एस्टीम याखाली सापडतील. अशा इंजिनाला कागदावरचे ८५ घोडे कुठून मिळणार? मालक म्हणतो "गाडी ओढत नाही" आणि बलेनोच्या मागे लागतो. ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह घासणं, नवी क्लच प्लेट एवढ्यावर तीच गाडी वेगळी वाटू लागते. शिवाय आरटीओची भानगड नाही.

प्रश्न : इंजिन बदलल्यावर आरसी बुकवर नोंद करून मिळते का? एजंट म्हणतो, "आधी बसवा, मग बघू." (पुणे)

एजंटचं ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी सादर करणं बंधनकारक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू घट्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्याच प्रकारचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन बदलणं वेगळं आणि १२९८ च्या जागी १५९० आणणं वेगळं. पहिल्याला परवानगी मिळण्याचा रस्ता सरळ आहे. दुसऱ्यात नकाराचीच तयारी ठेवा, कारण मारुतीने एस्टीम १६०० सीसीत कधी विकलीच नाही. म्हणून क्रम असा हवा. आधी तुमच्या आरटीओत लेखी अर्ज, त्यात दोन्ही इंजिनांचे क्रमांक आणि सीसी, आणि उत्तर लेखी. होकार आला तरच पान्याला हात लावा. नकार आला तर वरच्या उत्तरातला शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

"कोण बघतंय?" हा युक्तिवाद एस्टीमला लागूच होत नाही. तिचं उत्पादन २००७ च्या सुमारास थांबलं, म्हणजे आज रस्त्यावरची प्रत्येक एस्टीम पंधरा वर्षांच्या पुढची आहे आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावंच लागतं. त्या तपासणीत इन्स्पेक्टर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक बघतो. जुळला नाही की गाडी तिथेच अडकते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात पहिल्यांदा वर येतो.

प्रश्न : परवानगीचं काम मार्गी लागलं आहे. आता इंजिन घ्यायला कुर्ल्याला जायचं आहे. काय बघून घ्यावं? (कराड)

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना "इंजिन द्या" असं म्हणू नका. अख्खा संच मागा. इंजिन, त्याचं फ्लायव्हील, ईसीएम (इंजिनाचा संगणक), इंजिनाचं पूर्ण वायरिंग हार्नेस (कनेक्टर कापलेले नकोत), सगळे सेन्सर, इंजेक्टर रेलसकट, थ्रॉटल बॉडी, एअर फिल्टरचा डबा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ऑक्सिजन सेन्सरसकट, अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट. ज्या बलेनोला चावीत इमोबिलायझर होता तिची चावी आणि तिचं युनिटही हवं, नाहीतर इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडेल आणि तुम्ही महिनाभर गाडीतल्या पेट्रोल पंपावर संशय घेत बसाल. हार्नेस कापून दिलेला संच स्वस्त मिळतो. तो घेऊ नका. चाळीस वायरी एकेक करून जोडण्याची मजुरी वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होते, आणि डाख दिलेला सांधा उन्हाळ्यात दगा देतो.

इंजिन जमिनीवर पडलेलं असेल तर कॉम्प्रेशन मोजता येत नाही असं दुकानदार सांगेल. येतं. स्टार्टर आणि बेलहाउसिंग (क्लचवरचं गिअरबॉक्सचं आवरण) जागेवर असेल तर बॅटरी लावून इंजिन फिरवता येतं. ते शक्य नसेल तर निदान एवढं बघा : ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नसावी, प्लगच्या खळग्यात तेल साचलेलं नसावं, क्रँक पुली हाताने पुढेमागे ढकलल्यावर टकटक हलू नये. संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडू देत असतील तर तळात चमचमणारी धूळ आहे का ते बोटाने पाहा. कूलंटच्या तोंडातून गंज निघत असेल, तर ते इंजिन नळाच्या पाण्यावर चाललेलं आहे. ते सोडा.

कागद : पक्कं बिल, त्यावर इंजिन क्रमांक आणि मूळ गाडीचा चासी क्रमांक, मूळ आरसीची प्रत, आणि गाडी भंगारात काढल्याचा दाखला. मूळ गाडी चोरीची तर नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेवर तपासता येतं. क्रमांकावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर भाव न करता पुढच्या दुकानात जा.

इंजिनाच्या किमतीइतकीच रक्कम बाजूला ठेवा. ती लागतेच.

प्रश्न : मी स्वतः मेकॅनिक आहे, पण हा बदल पहिल्यांदाच करतोय. गिअरबॉक्स एस्टीमचाच ठेवणार आहे. कुठे चुकू शकतं? (नाशिक)

गिअरबॉक्स एस्टीमचा ठेवण्याचा निर्णय बरोबर आहे. ड्राइव्ह शाफ्ट, गिअर लिंकेज, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल सगळं जागेवर राहतं. क्रँकची उंची बदलत नाही, वाढ वरच्या बाजूला होते, त्यामुळे शाफ्टचे कोनही तेच राहतात.

इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची आणि कॅमची ऑइल सील बदलून टाका. "बेल्ट कधी बदललाय माहीत नाही" याचा अर्थ "बदललेलाच नाही" असा घ्यायचा. मागचं क्रँक सील सगळ्यात स्वस्त आणि नंतर बदलायला सगळ्यात महाग, कारण तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरावा लागतो.

क्लचमध्ये दोन गोष्टी जुळाव्या लागतात. प्लेटचा बाहेरचा व्यास आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बलेनोच्या फ्लायव्हीलशी, आणि प्लेटच्या मधल्या स्प्लाइन (दात्यांच्या खाचा) एस्टीमच्या इनपुट शाफ्टशी. दुकानातून प्लेट आणली की आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा, मगच पिशवी फाडा. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात आणि स्टार्टरचं पिनियन एकाच घराण्यातले आहेत का, तेही मोजा. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर तोंड मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, नाहीतर पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत सुटेल. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, थ्रेड लॉक लावून.

आता ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते : डॉवेल. इंजिन आणि बेलहाउसिंगमधल्या दोन पोकळ पिना. जुन्या बाजारातल्या इंजिनातून त्या हमखास गायब असतात, आणि "बोल्ट घट्ट आहेत, काय बिघडतंय?" असं म्हणून काम पुढे रेटलं जातं. बिघडतं हे की बोल्टची भोकं थोडी सैल असतात. गिअरबॉक्स केसभर खाली बसतो आणि इनपुट शाफ्ट क्रँकच्या मध्यरेषेत राहत नाही. क्लच प्लेटच्या स्प्लाइन एका बाजूने झिजतात, रिलीज बेअरिंग ओरडू लागतं, इनपुट शाफ्टचं सील गळतं आणि ते तेल थेट क्लच प्लेटवर जातं. दोन हजार किलोमीटरवर परत आलेली गाडी बहुतेक वेळा या दोन पिनांमुळे आलेली असते. एस्टीमच्या जुन्या ब्लॉकमधून काढा, मापं पडताळा आणि बसवा.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, नवीनच घाला. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, इंजिनाला चेनब्लॉकवरून मोकळं करा, दोन-तीनदा हलवून त्याच्या स्वाभाविक जागी बसू द्या, मग आवळा. एक बाजू पक्की करून दुसरी पहारीने ओढून बसवली तर रबरावर कायमचा पीळ राहतो आणि आयडलिंगला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात.

बॉनेटची जागा तपासायला गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा पुरतो. इंजिनाच्या सगळ्यात उंच भागांवर, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हर, ऑइलचं झाकण आणि इनटेकवर एकेक गोळा ठेवा, वर प्लास्टिकचा कागद टाका, बॉनेट हलकेच बंद करून उघडा. चेपलेल्या पिठाची जाडी २० मिमीपेक्षा कमी असेल तर ते पुरेसं नाही, कारण पहिल्या गिअरमध्ये झटका दिला की इंजिन फाउंडेशनवर कलतं आणि वर उठतं. बॉनेटच्या आतली पट्टी कापू नका. ती अपघातात बॉनेटला घडी पाडण्यासाठी असते. इंजिनाच्या बाजूने, म्हणजे झाकण, एअर डक्ट किंवा ब्रॅकेट बदलून जागा काढा.

उंचीमुळे एक्झॉस्टची फ्लँजही वर जाते. जुना डाऊनपाइप ताणून जोडला तर स्टड तुटतो किंवा मॅनिफोल्डला तडा जातो. पाइपात तेवढा तुकडा वाढवून लवचीक जोड घाला. ऑक्सिजन सेन्सर मूळ जागीच राहू द्या. तो खाली सायलेन्सरकडे सरकवला तर गरम व्हायला वेळ लागतो आणि तोवर गाडी जास्त पेट्रोल पिते.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा. कित्येक महिने कोरड्या पडलेल्या बेअरिंगवर थेट २००० फेऱ्या घालू नका. ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला पुन्हा बदला, आणि तेव्हाच फाउंडेशनचे बोल्ट एकदा तपासा.

प्रश्न : बलेनोचं इंजिन बसवून दोन महिने झाले. सपाटीवर छान चालते, पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. प्लग पांढरेफटक निघाले. गॅरेजवाल्याने ईसीएम एस्टीमचाच ठेवला आहे. (कोल्हापूर)

निदान तुम्हीच लिहिलं आहे. पत्र वाचून होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

या इंधनप्रणालीत आत जाणारी हवा थेट मोजली जात नाही. इनटेकमधला दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवरून ईसीएम हवेचा हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात सिलिंडरचं आकारमान गृहीत धरलेलं असतं. तुमच्या ईसीएमच्या डोक्यात १२९८ सीसी आहे. खरं इंजिन १५९० चं. तेवढ्याच दाबाला ते सुमारे साडेबावीस टक्के जास्त हवा ओढतं, आणि इंजेक्टर मात्र जुन्या हिशेबानेच उघडतो.

मग सपाटीवर छान का चालते? कारण हलक्या पायाने चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतो आणि ईसीएम थोडं पेट्रोल वाढवून घेतो. पूर्ण अॅक्सिलरेटरला मात्र ईसीएम त्या सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि साठवलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. तिथे मिश्रण एकदम पातळ होतं, तापमान चढतं आणि नॉकिंग, म्हणजे तुमचा तो खड्यांचा आवाज, सुरू होतं. असंच चालवत राहिलात तर आधी रिंगांमधली पिस्टनची पट्टी तुटते, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

"प्रेशर वाढवून देतो" असा तोडगा तुम्हाला सुचवला जाईल. त्याचं गणित बघा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. साडेबावीस टक्के जास्त हवं असेल तर दाब दीडपट करावा लागेल, म्हणजे ३ बारचा साडेचार. वीस वर्षांच्या पंपाला आणि होजला ते झेपणार नाही, आणि इग्निशनची वेळ तरीही १३०० च्या तक्त्यानेच चालेल. मोठे इंजेक्टर घातले तरी तीच अडचण.

उपाय एकच. बलेनोचा ईसीएम, बलेनोचेच इंजेक्टर, दाब-तापमान-थ्रॉटल-क्रँकचे सेन्सर आणि हार्नेस, सगळं एका घरचं. ईसीएमला गाडीच्या वेगाचा सिग्नलही लागतो. तो दिला नाही तर सिग्नलला गाडी थांबवताना इंजिन बंद पडतं. सगळं जोडल्यावर इग्निशनची मूळ वेळ (बेस टायमिंग) टायमिंग लाइट लावून तपासा आणि २०० किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढून बघा. चहा-बिस्किटासारखा तपकिरी रंग आला की समजा जमलं.

प्रश्न : शहरात तापमान नीट, पण आंबा घाट चढताना काटा लाल रेषेकडे जातो. रेडिएटर एस्टीमचाच, दोनदा साफ केला. (रत्नागिरी)

रेडिएटर पुन्हा साफ करू नका, हवा काढा. मूळ गाडीत रेडिएटरची टोपी ही कूलंटची सर्वात उंच जागा असते, म्हणून भरताना हवा आपोआप तिथून निघते. उंच ब्लॉकमुळे आता हेडमधून निघणारा वरचा होज टोपीच्या वर गेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर हवेचा बुडबुडा हेडमध्येच अडकतो. सपाटीवर तो त्रास देत नाही. घाटात उष्णता वाढली की त्याची वाफ होते आणि काटा एकदम उडी मारतो. गाडीचं नाक उताराच्या वरच्या बाजूला येईल अशी उभी करा, टोपी काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, वरचा होज हाताने दाबत राहा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओता. दरवेळी हा उद्योग नको असेल तर वरच्या होजच्या सर्वोच्च बिंदूवर झाकणाचं टी-नळकांडं बसवून घ्या.

यानेही भागलं नाही तर बलेनोचा रेडिएटर, पंखा आणि पंख्याभोवतीची प्लास्टिकची चौकट तिन्ही एकत्र घाला. चौकट फेकून नुसता पंखा तारेने बांधलेल्या गाड्या सर्रास दिसतात. चौकटीशिवाय पंखा आपल्यासमोरचा तेवढाच गोल थंड करतो. आणि थर्मोस्टॅट काढून टाकू नका. त्याने गाडी थंड होत नाही, थंड इंजिनावर जास्त पेट्रोल मात्र जळतं.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून अॅक्सिलरेटर केबल जड झाली. काढली तर आतलं प्लास्टिक वितळलेलं. नवी घातली, तीही गेली. (लातूर)

इंजिनाची अर्थिंगची पट्टी लावायची राहिली आहे. स्टार्टरचा करंट बॅटरीकडे परत जायला रस्ता शोधतो आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं ब्लॉकवर ठेवा आणि स्टार्टर फिरवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी नाही किंवा रंगावर बसवली आहे. ब्लॉक ते बॉडी आणि गिअरबॉक्स ते बॅटरी अशा दोन पट्ट्या, खाली पत्रा घासून.

प्रश्न : माझी एस्टीम १९९६ ची, कार्ब्युरेटरवाली. तिच्यात बलेनोचं एमपीएफआय (इंजेक्शनवालं) इंजिन चालेल का? (जळगाव)

चालवता येईल, पण काम दुप्पट होईल. कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतात. म्हणजे टाकीतला विजेचा पंप, परतीची नळी, इंजेक्शनला चालणारे होज आणि त्यांच्याच क्लिपा. साधा रबरी होज काही दिवस टिकतो आणि एके दिवशी गरम मॅनिफोल्डवर फवारा मारतो. पंप ईसीएमच्या रिलेवरूनच चालवा, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. थेट इग्निशनच्या वायरीवर जोडलेला पंप अपघातानंतरही पेट्रोल ओतत राहतो. त्यापेक्षा १९९९ नंतरची एमपीएफआय एस्टीम शोधणं स्वस्त पडेल.

प्रश्न : ब्रेक आणि टायरही बदलावेत का? बलेनोची १४ इंची चाकं माझ्याकडे आहेत. (ठाणे)

ब्रेक आधी, इंजिन नंतर. १०० ऐवजी १२० च्या वेगात गाडी असेल तर ब्रेकला ४४ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तेवढी उरली नसेल तर नवी घाला. होज नवे, ब्रेक ऑइल पूर्ण बदललेलं, मागच्या ड्रममधली सिलिंडरं कोरडी. बलेनोचे डिस्क-कॅलिपर बसवायचा मोह होईल, पण नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग), स्ट्रटचे बोल्ट आणि मास्टर सिलिंडर यांची मापं जुळल्याशिवाय तो खेळ नको. नीट ठेवलेले मूळ ब्रेक या वजनाला पुरतात.

चाकांचं गणित सोपं आहे. १७५/७० आर १३ टायरचा व्यास सुमारे ५७५ मिमी, १७५/७० आर १४ चा ६०० च्या थोडा वर. फरक जवळपास साडेचार टक्के. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ च्या पुढे असेल, हे लक्षात ठेवा. फायदा असा की एस्टीमच्या आखूड गिअरिंगला हे मोठं चाक मानवतं, हमरस्त्यावर फेऱ्या कमी होतात. १३ इंची टायरवर १०० च्या वेगात चाक मिनिटाला साधारण ९२० वेळा फिरतं. त्याला पाचव्या गिअरच्या एकूण गुणोत्तराने गुणलं की इंजिनाच्या फेऱ्या मिळतात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागे तीन माणसं बसवून टायर कुठे घासतो का ते बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचायला विसरू नका : पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

प्रश्न : वडिलांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्यात प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसान इंजिन घालावं म्हणतो. (अमरावती)

घालू नका. १०८९ च्या जागी ११७१ सीसी आणि दहा-बारा घोडे वाढतील खरे, पण तुमच्या गाडीने पन्नाशी ओलांडली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. निसान इंजिन घातलंत की तो रस्ता बंद. मूळ इंजिनच बोअर करून घ्या.

प्रश्न : १९८६ ची अँबॅसिडर मार्क ४. इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळतोय. हा बदल कंपनीनेही केला होता ना? (बेळगाव)

हो, हिंदुस्तान मोटर्सने नव्वदीच्या सुरुवातीला उत्तरपाड्याच्या कारखान्यातच हे इंजिन घालून अँबॅसिडर १८०० आयएसझेड काढली. त्याआधी कॉन्टेसात हेच इंजिन होतं. तुमच्या १४८९ सीसीच्या पुशरॉड इंजिनापुढे हे १८१७ सीसीचं, चेनवर चालणाऱ्या कॅमचं आणि ७५ बीएचपीचं, त्यामुळे फरक एस्टीम-बलेनोपेक्षा कितीतरी मोठा. परवानगीचे नियम मात्र तेच, आणि तुमची आरसी कर्नाटकाची असेल तर तिथल्या आरटीओकडेच अर्ज करावा लागेल. कंपनीने अँबॅसिडरमध्ये हे इंजिन विकलं होतं, हा मुद्दा अर्जात जरूर मांडा.

इंजिन अँबॅसिडर आयएसझेडमधून घ्या, कॉन्टेसामधून नव्हे. इंजिन तेच असलं तरी फाउंडेशनचे ब्रॅकेट, संप, गिअर लिव्हरची जागा, रेडिएटर आणि एक्झॉस्ट तुमच्या बॉडीला जुळणारे मिळतात. गिअरबॉक्स बदलल्याने प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. तो कापून जोडून घेतलात तर बॅलन्स करूनच बसवा, आणि दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवा. नाहीतर ७० च्या वेगाला जमीन थरथरेल. चारही चाकांना ड्रम असतील तर आयएसझेडचे पुढचे डिस्क आणि बूस्टर त्याच गाडीतून उचला. पुढच्या बाजूची उंची बदलली असेल तर टॉर्शन बार दोन्ही बाजूंनी सारखे समायोजित करून मगच अलाइनमेंट.

मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो, ते दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. एक मागचं चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रलमध्ये आणि जमिनीवरच्या चाकाला पुढून-मागून ओट. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर वीस फेऱ्या फिरवा आणि खूण किती वेळा वर आली ते दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. एकच चाक फिरत असल्याने शाफ्ट निम्माच फिरतो, म्हणून आलेल्या आकड्याला दहाने भागा. ४५ आले तर ४.५. जुन्या इंजिनासाठीचं आखूड डिफरन्शियल तसंच ठेवलं तर पाचवा गिअर असूनही इंजिन हमरस्त्यावर ओरडतच राहील. म्हणून आयएसझेडचं मागचं अॅक्सलही त्याच सौद्यात मागून घ्या.